डालगं, खुराडं आणि पिंजरा



पुण्यात घर लहान असलं की बाई पाहुण्यांना आधीच सांगून टाकते, "घर कसलं, खुराडं आहे नुसतं." आमच्या बचत गटाच्या बैठका अशाच दहा बाय बाराच्या खोलीत होतात. सतरा जणी, एक वही, एक पेटी, आणि चहा ठेवायचा म्हटलं की दोघींनी उंबऱ्यावर सरकायचं. तर मागच्या वर्षी याच खोलीत ठरलं की आपण एक खरोखरचं खुराडं बांधायचं. सहा कोंबड्यांचं. आमच्यातल्या एका मावशीच्या घरामागं, टेकडीच्या पायथ्याला, मोरीच्या पलीकडं थोडी जागा होती, तिथं.

एका बँकेत सहज विचारून बघितलं. साहेब म्हणाले, "प्रकल्प किती पक्ष्यांचा?" आम्ही म्हटलं, सहा. ते हसले. म्हणाले, "ताई, मग हा प्रकल्प नाही, ही हौस झाली." बरं, हौस तर हौस. बायकांनी हौस करायची म्हणजे भरतकाम आणि रांगोळी एवढंच का? कर्ज न काढता वर्गणीवर काम सुरू केलं.

पण खुराडं कसं असावं यावर सतरा जणींची सतरा मतं. आमच्यातल्या बहुतेक जणी गावाहून आलेल्या. कुणाचे सासू-सासरे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून खडी फोडायला आले ते इथंच राहिले, कुणी लग्न होऊन आली. लातूरकडची म्हणे, उंचावर हवं, खाली विंचूकाटा असतो. मावळातली म्हणे, दगडी कोनाडा हवा, पावसाची झड आत येता कामा नये. आणि ज्यांच्या परसात बांधायचं त्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "खुराडं कशाला लागतं? डालगं बास."

या भांडणातून आम्ही मागं मागं शोधत गेलो, की कोंबडीला घर मिळालं कधी आणि दिलं कुणी. आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो असा कामी आला. शोधताना जे सगळ्यात आधी कळलं ते आधीच सांगून टाकतो. कोंबडीचं घर कसं बांधलंय ते बघा, अंड्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात ते ओळखता येतं.

सुरुवात अगदी जुन्यापासून करू. कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. आग्नेय आशियापासून आपल्या पूर्व आणि मध्य भारतातल्या जंगलांपर्यंत तो आजही सापडतो. पाळीव कोंबडीचे सगळ्यात जुने पक्के अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट नावाच्या ठिकाणचे, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, असं २०२२ साली संशोधकांनी मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की माणसानं भात पिकवायला सुरुवात केली, दाणे सांडायला लागले आणि त्या दाण्यांमागं रानातला पक्षी आपणहून वस्तीजवळ आला. आता दाणे कुठं सांडतात? खळ्यावर, उखळापाशी, सूप पाखडताना. ही कामं कोण करत आलंय ते तुम्हाला सांगायला नको. संशोधक तसं म्हणत नाहीत, पण आम्हाला वाटतं, कोंबडीची पहिली ओळख बाईशीच झाली असणार.

आपल्या सह्याद्रीचाही यात एक वाटा आहे. आपल्याकडच्या डोंगरांत राहतो तो राखाडी रानकोंबडा, हा वेगळा. कोंबडीचे पाय पिवळे का, याचा शोध २००८ साली लागला, तेव्हा कळलं की पिवळ्या कातडीचा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलाच नाही, तो राखाडी रानकोंबड्याकडून आलाय. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या बाजूच्या डोंगरातल्या पक्ष्याचं रक्त आहे. हे ऐकल्यावर मावशींनी स्वतःच्या कोंबडीचे पाय उचलून बघितले.

आता डालग्याकडं येऊ. जुन्या काळी बायका कोंबड्या कशा ठेवायच्या हे कुणी लिहून ठेवत बसलं नाही. पण आपल्या म्हणीत ते नोंदलेलं आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ही म्हण आपण वेगळ्याच अर्थानं वापरतो, पण शब्द नीट ऐका. कोंबडं झाकलं. कोंडलं नाही, बांधलं नाही. म्हणजे रात्री त्याच्यावर काहीतरी पालथं घालायची रीत होती. तेच आपलं डालगं. बुरूड लोक बांबूच्या कामट्यांची विणतात ती मोठी टोपली. संध्याकाळी दाणे टाकून, हाका मारून कोंबड्या आत घ्यायच्या, वर दगड ठेवायचा. पाऊस असला की डालगं उचलून पडवीत, थंडी असली की चुलीजवळ.

या डालग्याला जागा लागत नाही, गवंडी लागत नाही, परवानगी लागत नाही. बुरुडाला पायलीभर धान्य दिलं की डालगं घरात. आणि मुख्य म्हणजे घरातल्या पुरुषाला विचारावं लागत नाही. शेत त्याच्या नावावर, बैल त्याचे, दुधाचा हिशोबही पुढं डेअरीच्या वहीत त्याच्याच नावानं लागला. कोंबडी मात्र बाईची. बाजाराच्या दिवशी पाच-सहा अंडी पदरात बांधून न्यायची, मीठ-मिरची, बांगड्या, पोराची पाटी आणायची. जत्रेला किंवा जावई आला की कोंबडा कापायचा, तोही तिचाच. ज्या घरी कोंबडीला पैसे नसत तिथं शेजारीण वाट्यानं तलंग द्यायची, पहिल्या रवणातली निम्मी पिल्लं परत घ्यायची. बघा, बचत गटाच्या किती आधी आपल्याकडं हा व्यवहार चालत होता, आणि वसुलीचं पत्र कुणाला आलं नाही.

हे सगळ्या घरांतलं नाही, हेही सांगायला हवं. पुण्याच्या पेठांतल्या अनेक वाड्यांत अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. कोंबडी कुणी पाळायची, कुणी शिवायची, यावरून माणसाची जात मोजली जाई. आमच्या गटातल्या एकीच्या आजीला, घरात कोंबड्या आहेत म्हणून, वाड्यात कामाला ठेवलं नव्हतं. आज त्याच भागातल्या हॉटेलांत आम्लेटला रांग असते. असो.

पुण्यात कोंबडीला पहिलं बांधलेलं घर मिळालं ते बहुधा लष्कर भागात. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि इंग्रजांच्या छावण्या पडल्या. बंगले आले, बंगल्यांना मोठी आवारं आली आणि आवाराच्या कडेला नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत मुर्गीखाना आला. इंग्रज साहेबाला न्याहारीला अंडं लागे, जेवणाला कोंबडी लागे. प्रवासात डाक बंगल्यावर उतरलं तरी तेच. पाहुणा आला रे आला की खानसामा आवारात पळणारी कोंबडी धरायचा आणि तासाभरात ताटात वाढायचा. या पदार्थाला इंग्रजांनी नावच ठेवलं होतं, 'सडन डेथ', म्हणजे झटक्यात मरण. त्या कोंबड्या येत कुठून? आसपासच्या गावांतूनच, डालग्यातून.

हिंदुस्थानात आलेल्या मडमांना घर कसं चालवावं ते शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक १८८८ साली निघालं. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन बायकांनी लिहिलेलं. त्यात गाई, कुत्री, बाग यांच्याबरोबर कोंबड्यांवरही प्रकरण आहे. म्हणजे इंग्रज बाईलाही कोंबडी हे आपल्या अखत्यारीतलं खातं वाटत होतं. फरक एवढाच, की ती देखरेख करायची आणि शेण-विष्ठा काढणारे हात दुसऱ्याचे असायचे.

त्याच्या काही दशकं आधी तिकडं इंग्लंडात कोंबड्यांचं अक्षरशः वेड लागलं होतं. चीनमधून मोठ्या, झुबकेदार पिसांच्या कोंबड्या व्हिक्टोरिया राणीकडं पोचल्या. तिनं विंडसरला त्यांच्यासाठी खास घर बांधून घेतलं. राणीनं केलं म्हणून सगळ्यांनी केलं. १८४९ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला आणि अमेरिकेत बोस्टनला कोंबड्यांची प्रदर्शनं भरली. एकेका जोडीला वेड्यासारख्या किमती यायला लागल्या, आणि काही वर्षांत फुगा फुटला. पण कोंबडीसाठी हौसेनं, नक्षीचं घर बांधायची चाल तेव्हापासून पडली. आज पुण्यात कोथरूड-बाणेरकडं बंगल्यामागं रंगवलेलं, उतरत्या छपराचं, लाकडी जिन्याचं खुराडं दिसलं तर समजा, ते त्याच घराण्यातलं आहे.

खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळीसुद्धा याच काळातली. १८४४ साली नॉरिच गावच्या चार्ल्स बर्नार्ड या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं ती बनवली, कापड विणायच्या मागावरून कल्पना घेऊन. म्हणजे मुळात तीही विणलेलीच. आमच्या डालग्याची लांबची बहीण. या जाळीनं आम्हाला कसा दगा दिला ते पुढं सांगतो.

आणखी एक गंमत. आपल्याकडचा झुंजीचा असील कोंबडा इंग्रज अधिकाऱ्यांनी बोटीनं मायदेशी नेला. कॉर्नवॉल भागात त्याच्या संकरातून भरदार छातीची एक जात तयार झाली. ती अमेरिकेत गेली, आणि तिच्यातून पुढं आजची ब्रॉयलर कोंबडी निघाली. चिकन सेंटरवरची ती पांढरी, गरीब दिसणारी कोंबडी आहे ना, तिची पणजी आपली असील आहे. आपल्याच लेकीची लेक परक्या गावाहून आली आणि आपण तिला ओळखलं नाही, तसं झालं.

आता दुखणं सांगतो, कारण ते तुम्हा सगळ्यांच्या घरी येऊन गेलेलं आहे. मानमोडी. सकाळी चांगली असलेली कोंबडी संध्याकाळी मान वाकडी करून पडते, आठवड्यात सगळं परस रिकामं. आपल्याकडं कुणी दृष्ट म्हणतं, कुणी वारं. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. लगेच एक-दोन वर्षांत आपल्याकडं हिमालयातल्या राणीखेतला तो सापडला, म्हणून आपण त्याला राणीखेत म्हणतो. १९४० च्या दशकात तिथून जवळच्या मुक्तेश्वरच्या संस्थेत त्यावर लस निघाली. आज आपल्या राज्यासाठी ही लस पुण्यात औंधला, सरकारच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत बनते.

हे मुद्दाम सांगायचं कारण, कितीही छान खुराडं बांधा, लस नसेल तर ते मानमोडीचं घर होतं. डालग्यातल्या सुट्या कोंबड्यांपेक्षा एकत्र कोंडलेल्या कोंबड्यांत रोग लवकर पसरतो. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी हे इंजेक्शन पंखाखाली. मधे देवीची लस. नेमके दिवस तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा. लशीची कुपी फोडली की दोन तासांत संपवायची, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच दिवशी घ्यायच्या. हे काम गटानं केलं तरच परवडतं. एकटीनं सहा कोंबड्यांसाठी शंभर डोसांची कुपी फोडणं म्हणजे पैसा मातीत.

आता गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरच्या काळात येते, आणि पुणं तिच्या मधोमध आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. तिचं ठाणं पुणं. आपल्या देशातल्या आजच्या कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. परदेशी कंपन्यांशी करार करून त्यांनी इथल्या हवेत टिकतील अशा कोंबड्या तयार केल्या. बीव्ही-३०० ही अंड्यांची आणि व्हेनकॉब ही मांसाची, ही नावं तुमच्यापैकी ज्यांच्या गावात शेड आहे त्यांना पाठ असतील. पुढं १९८२ साली त्यांच्याच पुढाकारानं एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संघटना उभी राहिली. तोवर व्यापारी सांगेल तो भाव. आता अंड्याचा रोजचा दर उत्पादकांची संघटना जाहीर करते. राव यांच्यानंतर या उद्योगाची धुरा त्यांच्या कन्या अनुराधा देसाई यांनी सांभाळली. म्हणजे वरच्या खुर्चीत एक बाई बसली, हे मानलंच पाहिजे. अंडं स्वस्त झालं, बाराही महिने मिळायला लागलं, हेही आमच्या पोरांच्या ताटात दिसतं. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

पण खाली काय झालं ते बघा. आमची देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. मधे खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, मग महिना-दीड महिना पिल्लांमागं फिरते. बीव्ही-३०० तीनशेच्या वर अंडी देते, कारण ती खुडूक होतच नाही. माणसानं निवड करत करत तिच्यातलं बसणंच काढून टाकलं. अंडी वाढली, पण पिल्लं काढायची शक्ती कोंबडीकडून गेली आणि यंत्राकडं आली. यंत्र म्हणजे उबवणी केंद्र. आता पिल्लू दरवेळी विकत आणायचं. जिच्याकडं खुडूक कोंबडी आहे तिला पिल्लासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. जिच्याकडं नाही तिला जावं लागतं. आम्हाला विचाराल तर तीनशे वर्षांत झाला नसेल एवढा बदल या एका गोष्टीनं झाला.

आणि घराची बांधणी बदलली. आधी शेड आली, खाली भुश्याची किंवा तुसाची गादी. ही गादी पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत ओहायो राज्यात नावारूपाला आली. नंतर अंड्यांच्या कोंबड्यांसाठी तारेचे पिंजरे. पिंजऱ्याचा तळ मुद्दाम उतरता असतो, अंडं घातलं की ते घरंगळत पुढच्या पन्हळीत जातं. कोंबडीला ते चोचीनं शिवतासुद्धा येत नाही. एका कोंबडीच्या वाट्याला झेरॉक्सच्या कागदाएवढी जागा. युरोपात असे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद आहेत.

शेड बांधायला कर्ज लागतं, कर्जाला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? तिथंच अंड्याचा पैसा पदराच्या गाठीतून सुटला. ब्रॉयलरच्या करारातही तसंच. कंपनी पिल्लू देते, खाद्य देते, औषध देते, आपण शेड द्यायची, वीज द्यायची, रात्री उठून बल्ब बघायचे. किलोमागं ठरलेले पैसे खात्यावर येतात. पाणी पाजणारी, मेलेली वेचणारी, गादी उलथणारी बाई असते, आणि खातं मालकांचं. आमच्या माहितीत असं एक गाव आहे, जिथं बाईला शेडमधली कोंबडी रविवारी खावीशी वाटली तर नवऱ्याला विचारावं लागतं, आणि नवऱ्याला सुपरवायझरला.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातला पहिला. तेव्हा शेडमधल्या लाखो कोंबड्या मारल्या, आणि भोवतालच्या आदिवासी पाड्यांवरच्या, परसातल्या कोंबड्याही गेल्या. पुन्हा २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला तेच. यातून एक शिकलो. कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर हात लावायचा नाही, लपवायचं नाही, कापून वाटायचं तर अजिबात नाही. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

आता आमचं खुराडं. पहिल्यांदा फसलं, तेच आधी सांगतो.

हौसेनं आम्ही ती षटकोनी जाळी आणली, स्वस्त आणि दिसायला नाजूक. चार बांबू रोवले, जाळी गुंडाळली, वर पत्रा. आठव्या रात्री मुंगूस आलं. त्या जाळीची तार इतकी पातळ, की त्यानं कोपऱ्यातून ती उसवली. सहापैकी चार कोंबड्या गेल्या. खाल्ली एकच, बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या. सकाळी मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी घरातलं डालगं आणलं आणि उरलेल्या दोघींवर पालथं घातलं. त्या दिवशी कळलं, ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, मुंगसाला बाहेर ठेवण्यासाठी नाही.

दुसऱ्यांदा घाई केली नाही. जुन्या बाजारात रविवारी जाऊन मोडक्या खिडकीच्या चौकटी आणि बिजागऱ्या आणल्या. टिंबर मार्केटमधून तुकड्याचं लाकूड. जाळी मात्र बोहरी आळीतून जाड तारेची, चौकोनी, अर्ध्या इंचाच्या भोकाची, जोडावर वेल्डिंग केलेली. महाग पडली, पण इथं काटकसर केली की काय होतं ते बघितलं होतं. जाळी जमिनीत वीतभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणाऱ्याला आधी जाळीच लागते. कडीला खिळा अडकवायचा, नुसती कडी बोक्याला उघडता येते.

खुराडं सहा फूट लांब, तीन फूट रुंद, जमिनीपासून दोन फूट उंच, चार विटांच्या खांबांवर. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आत घुसत नाही. एका कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा पुरते, दिवसा त्या परसात फिरतात. छपराला कौलं घातली आणि छपराखाली दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा मोकळा सोडला, त्याला जाळी. हा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. कोंबडीला थंडीपेक्षा कोंदटपणा जास्त मारतो. सकाळी दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबलं तर समजा हवा कमी पडतेय. पुण्याच्या पावसाळ्यासाठी पश्चिमेकडून येणाऱ्या झडीला पोत्याचा पडदा, वर गुंडाळता येणारा. छपराची वळचण मात्र हातभर पुढं काढा, आम्ही कमी काढली आणि पहिल्या जुलैत गादी भिजली.

आत बसायला दांडी, बांबूची नको, गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतो. सुपारीएवढ्या जाडीच्या तुळया नकोत आणि हडकुळ्या काठ्याही नकोत, मनगटाएवढं साधं लाकूड, कोपरे घासलेलं. एका कोंबडीला वीतभर जागा. खाली चार बोटं भाताचं तूस, वर थोडा चुना. आठवड्यातून दोनदा खालवर करायचं, ओली झाली की काढायची. ते खत टेकडीवरच्या आमच्या दोन जणी कुंड्यांसाठी विकत नेतात. बाहेर एका फुटक्या घमेल्यात राख आणि माती, त्यात त्या लोळतात, पिसवा राहत नाहीत.

आणि एका कोपऱ्यात, सगळ्यात अंधाऱ्या, मावशींनी डालगंच बसवलं. आडवं, आत पाचट. आम्ही फूट बाय फुटाच्या दोन लाकडी पेट्या केल्या होत्या, मोजून मापून, पुस्तकात बघून. एकही कोंबडी त्यात गेली नाही. सगळ्या त्या डालग्यात. पेट्यांत आता आम्ही खाद्याचा डबा आणि मोडकी पक्कड ठेवतो.

शेजारचे भांडले, ते कोंबड्यावरून. पहाटे चारला आरवायचा, आणि पलीकडच्या घरातले रात्रपाळी करून येतात. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. खूप जणींना वाटतं, कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत. तसं नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. म्हणून आम्ही कोंबडा एका सभासदाच्या गावी, मुळशीला पाठवून दिला. पिल्लं काढायची असली की तिकडून अंडी मागवतो, एसटीनं, तुसात घालून, टोकाची बाजू खाली.

हिशोब सांगायचा तर खुराड्याला पाच हजारांच्या आत खर्च आला, जाळीच त्यातली निम्मी. अंड्यांचे पैसे मावशींकडं, खताचे गटाच्या पेटीत. साहेबांनी म्हटलं तसं, प्रकल्प नाही.

सध्या मावशींची तांबडी खुडूक बसली आहे. डालग्यात, मुळशीच्या अकरा अंड्यांवर. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या उजेडावर धरून बघितली, नवांत बारीक लाल शिरा दिसल्या, दोन कोरी निघाली. विजेचा कडकडाट झाला तर अंडी नासू नयेत म्हणून मावशींनी खाली लोखंडाचा खिळा ठेवलाय. आम्ही काही बोललो नाही. ती दिवसातून एकदा उठते, दाणे खाते, राखेत लोळते आणि पुन्हा जाऊन बसते. गुरुवारी एकवीस दिवस होतात. पहिली दोन तलंगा वाट्यानं कुणाला द्यायच्या, यावरून बैठकीत आत्ताच नावं पडायला लागली आहेत.